चक्रीवादळ अणुभट्टीवरून जातं तेव्हा

१ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिक महासागरातल्या चक्रीवादळांचा हंगाम. या सहा महिन्यांत एखादं मोठं वादळ फ्लोरिडाकडे वळलं की टीव्हीवर नकाशा झळकतो आणि वादळाच्या वाटेवर, अगदी किनाऱ्याला लागून, टर्की पॉइंट आणि सेंट लुसी अशी दोन नावं दिसतात. ही अणुवीज केंद्रं आहेत. मुलगी-जावई मायामीत किंवा टॅम्पात असलेल्या इकडच्या आईवडिलांना त्या रात्री झोप लागत नाही. वादळ घोंघावत येऊन अणुभट्टीचा तो घुमट फोडून टाकेल, असं चित्र डोळ्यांपुढे येतं.

काळजी रास्त आहे, फक्त ती चुकीच्या जागी लागलेली आहे. घुमटाची काळजी करण्याचं फारसं कारण नाही. काळजी करायची तर डिझेल जनरेटर किती उंचीवर ठेवलाय याची करावी, पंपघरात पाणी शिरेल का याची करावी, आणि समुद्र कुठवर येईल हा आकडा कोणी, कधी, कशाच्या आधारे ठरवला याचीही करावी.

१९९२: वादळाचा डोळा थेट केंद्रावरून

हा प्रसंग कल्पनेतला नाही, घडून गेलेला आहे. २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. टर्की पॉइंट केंद्र मायामीपासून साधारण ४० किलोमीटर दक्षिणेला, बिस्केन उपसागराच्या काठी आहे. वादळाचा डोळा, म्हणजे वादळाचा मधोमधचा भाग, थेट त्याच्यावरून गेला. केंद्राजवळ वाऱ्याचा सलग वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर होता आणि झोत २८० पर्यंत पोहोचले. पुढे २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि अँड्र्यूला सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीत टाकलं.

तिथे दोन अणुभट्ट्या होत्या आणि शेजारीच तेल-वायूवर चालणारे दोन जुने संच. वारा पोहोचण्याच्या काही तास आधी दोन्ही अणुभट्ट्या बंद करण्यात आल्या. मग वादळ आलं आणि जे मोडायचं ते मोडलं. उंचावरची पाण्याची टाकी कोसळली आणि नेमकी अग्निशमनाच्या यंत्रणेवर पडली. तेलावरच्या संचाची १२० मीटर उंचीची चिमणी इतकी तडकली की नंतर ती पाडावी लागली. दूरध्वनी आणि बाहेरच्या जगाशी संपर्काची सगळी साधनं बंद पडली. आत काय चाललंय हे काही तास बाहेर कोणालाच कळत नव्हतं. रस्ता ढिगाऱ्याने अडला. बाहेरून येणारी वीज पूर्णपणे गेली आणि पाच दिवसांहून अधिक काळ आली नाही.

अणुभट्ट्यांच्या मुख्य इमारतींना मात्र धक्का लागला नाही. काही ठिकाणी थोडं पाणी झिरपलं, इतकंच. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. एक मीटरहून जाड, पोलादी सळ्यांनी भरलेलं काँक्रीट वाऱ्याला दाद देत नाही. अशा भिंतींचं गणित मांडताना वाऱ्याने उचलून फेकलेली मोटारगाडी किंवा पोलादी पाइप येऊन आदळला तर काय होईल, हेही धरलेलं असतं. वाऱ्याने होणारं नुकसान म्हणूनच आजूबाजूच्या साध्यासुध्या गोष्टींचं होतं: टाकी, कुंपण, रस्ता, तारा.

होमस्टेड हे जवळचं गाव जवळपास भुईसपाट झालं. त्या दिवसांत केंद्रात पाळीवर असलेल्या अनेकांची घरं याच भागात होती. घराचं काय झालंय हे माहीत नसताना ती माणसं आत डिझेल जनरेटर चालू ठेवत होती. वादळातल्या सुरक्षिततेचा हा भाग कोणत्याही नकाशात दिसत नाही.

भट्टी बंद केली, तर मग डिझेल कशाला लागतं?

सगळी गोम इथेच आहे.

अणुभट्टीत युरेनियमच्या अणूंचं विभाजन होऊन उष्णता निघते. नियंत्रक कांड्या आत सोडल्या की ते विभाजन काही सेकंदांत थांबतं. पण विभाजनातून तयार झालेले तुकडे स्वतःच किरणोत्सर्गी असतात. ते हळूहळू विघटित होत राहतात आणि त्यातून उष्णता निघतच राहते. हिला आपण शेष उष्णता म्हणू. चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं तरी निखारे आपल्याआप धगधगत राहतात, त्यावर ठेवलेलं दूध तासाभराने उतू जाऊ शकतं, तसंच हे. फरक एवढाच की हे निखारे पाणी मारून विझवता येत नाहीत. त्यांची धग सतत वाहून न्यावी लागते, इतकंच माणसाच्या हातात असतं.

ही धग किती? १००० मेगावॅट वीज देणारी भट्टी सुमारे ३००० मेगावॅट उष्णता निर्माण करत असते. बंद केल्याक्षणी त्यातली सहा-सात टक्के, म्हणजे २०० मेगावॅटच्या आसपास उरते. तासाभराने ती दीड टक्क्यावर येते, दिवसाने अर्ध्या टक्क्यावर. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण तो १५ मेगावॅट होतो, आणि तेवढी उष्णता पाणी उकळूनच घालवायची ठरवली तर तासाला सुमारे २० हजार लिटर पाण्याची वाफ होईल. दहा हजार लिटरचे दोन टँकर, दर तासाला, तेही भट्टी बंद होऊन पूर्ण दिवस उलटल्यावर. हे पाणी पोहोचलं नाही तर इंधनाभोवतीचं पाणी आटतं, इंधनकांड्या उघड्या पडतात, तापतात आणि शेवटी वितळतात.

म्हणून बंद भट्टीलाही फिरते पंप लागतात, पंपांना वीज लागते. केंद्र स्वतः वीज बनवायचं थांबलेलं असल्यामुळे ती वीज बाहेरच्या जाळ्यातून, म्हणजे ग्रिडमधून येते. वादळात सर्वांत आधी पडतात ते ग्रिडचे मनोरे. मग डिझेल जनरेटर सुरू होतात. अमेरिकेतल्या केंद्रांत ते आपोआप, काही सेकंदांत चालू होण्याची व्यवस्था असते आणि साधारण सात दिवस पुरेल इतकं इंधन जागेवर ठेवलेलं असतं. त्यानंतरचा आधार बॅटऱ्यांचा, आणि बॅटऱ्या फक्त काही तास टिकतात.

ग्रिड गेलं आणि डिझेलही चाललं नाही, या अवस्थेला अभियंते स्टेशन ब्लॅकआउट म्हणतात. अणुवीज केंद्राच्या दृष्टीने चक्रीवादळाची खरी भीती या दोन शब्दांत आहे.

पाणी कुठवर चढेल, हे ठरवतं कोण?

वारा डिझेल जनरेटरला हात लावू शकत नाही, कारण तो काँक्रीटच्या खोलीत असतो. पाणी लावू शकतं.

चक्रीवादळात हवेचा दाब पडतो, त्यामुळे समुद्राची पातळी थोडी वर उचलली जाते. पण मोठा वाटा वाऱ्याचा. तो किनाऱ्याकडे पाणी ढकलत राहतो आणि किनारा उथळ असेल तर त्या पाण्याला परत जायला जागाच उरत नाही. मग ते जमिनीवर चढतं. याला वादळी उधाण म्हणू. २००५ च्या कतरिना वादळात मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर ते साडेआठ मीटरच्या आसपास गेलं होतं. अँड्र्यूच्या वेळी बिस्केन उपसागरात सर्वाधिक नोंद सुमारे ५ मीटरची होती, पण ती केंद्राच्या उत्तरेला. टर्की पॉइंटला पाणी त्यामानाने कमी आलं. म्हणजे ज्या वादळाचं उदाहरण सुरक्षिततेचा पुरावा म्हणून नेहमी दिलं जातं, त्यात वाऱ्याची परीक्षा पूर्ण झाली, पाण्याची झाली नाही. हे उदाहरण देणारे ही गोष्ट सांगत नाहीत.

पाण्याची परीक्षा कशी असते ते पाहायला फ्रान्समध्ये जावं लागेल. बोर्दो शहराजवळ जिरोंद नदीच्या खाडीकाठी ब्लाये नावाचं केंद्र आहे, चार भट्ट्यांचं. २७ डिसेंबर १९९९ च्या रात्री मार्टिन नावाचं वादळ आलं. ते चक्रीवादळ नव्हतं, युरोपातलं हिवाळी वादळ होतं. भरती, उधाण आणि लाटा एकाच वेळी जुळून आल्या आणि पाणी बंधाऱ्यावरून आत आलं. दारांतून, केबल-पाइपांसाठी ठेवलेल्या भोकांतून ते तळघरांत शिरलं. पहिल्या आणि दुसऱ्या भट्टीचे संकटकाळासाठी ठेवलेले काही महत्त्वाचे पंप बुडाले. बाहेरच्या विजेच्या काही वाहिन्याही गेल्या. रस्ते पाण्याखाली असल्यामुळे मदतीची माणसं वेळेवर पोहोचू शकली नाहीत. बाकीची यंत्रणा टिकली म्हणून मोठा अपघात टळला.

बंधारा बुटका आहे, उंची वाढवायला हवी, हे केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या कागदपत्रांत वादळाच्या आधीच लिहिलेलं होतं. काम पुढच्या तारखेवर ढकललेलं होतं.

फुकुशिमाचं नाव इथे घ्यावंच लागतं. ती त्सुनामी होती, वादळ नव्हे. पण बुडालेल्या डिझेलला पाणी कुठून आलं याने फरक पडत नाही. केंद्र बांधताना मूळचा उंच कडा कापून जमीन समुद्रसपाटीपासून १० मीटरवर आणली होती. त्सुनामी जास्तीत जास्त ५.७ मीटरची येईल असं धरलेलं होतं. ११ मार्च २०११ ला आली ती १४-१५ मीटरची. बहुतेक डिझेल जनरेटर तळघरात होते. ते बुडाले आणि तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं. सहाव्या भट्टीसाठीचा, हवेवर थंड होणारा एक जनरेटर वरच्या जागी होता. तो चालू राहिला आणि त्या एकाच्या जोरावर पाचवी आणि सहावी भट्टी वाचली. इथेही २००८ मध्ये कंपनीच्याच अंतर्गत हिशेबात १५.७ मीटरचा आकडा निघाला होता. तो तसाच पडून राहिला.

त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ, ओनागावा हे दुसरं केंद्र होतं. ते १४.८ मीटर उंचीवर बांधलं होतं. उंचीसाठी हट्ट धरणारे अभियंता यानोसुके हिराई यांना आज जपानमध्ये आदराने आठवतात. तिथे त्सुनामी सुमारे १३ मीटरची आली, भूकंपाने जमीन एक मीटरभर खचली, तरी केंद्र वाचलं. आसपासच्या गावांतले लोक पुढचे काही महिने त्याच केंद्राच्या आवारात आसऱ्याला राहिले.

मीठ, कचरा आणि बुडालेला रस्ता

अपघाताचे चित्रपट बनवणाऱ्यांना ज्यात रस वाटणार नाही अशा काही गोष्टी वादळात जास्त त्रास देतात.

समुद्रावरून येणारा वारा खारट असतो. ते मीठ उच्चदाबाच्या तारांच्या चिनीमातीच्या विद्युतरोधकांवर बसतं आणि ओलं झालं की वीज वाहू देतं. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर सेंट लुसीची एक भट्टी याच कारणाने बंद करावी लागली. तैवानमधल्या मानशान केंद्रात १८ मार्च २००१ ला तर वादळही नव्हतं, फक्त खारं धुकं होतं. तेवढ्याने बाहेरची वीज गेली, डिझेलनेही दगा दिला आणि एका भट्टीला जवळपास दोन तास स्टेशन ब्लॅकआउट सोसावा लागला. शेवटी राखीव ठेवलेल्या आणखी एका डिझेल जनरेटरने सुटका केली.

दुसरी गोष्ट कचरा. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ न्यू जर्सीवर आलं तेव्हा वाहून आलेला कचरा आणि चढलेलं पाणी यांमुळे सेलम केंद्राच्या पाणी खेचणाऱ्या सहा पंपांपैकी चार बंद पडले आणि चालू भट्टी हाताने थांबवावी लागली. त्याच रात्री ऑयस्टर क्रीक केंद्रात पंपांच्या जागी पाणी ठरवलेल्या मर्यादेवर चढलं आणि बाहेरची वीजही गेली. त्या दिवशी पौर्णिमा होती, आपल्याकडची आश्विनातली. म्हणजे भरतीही मोठी. ऑयस्टर क्रीकची भट्टी इंधन बदलण्यासाठी आधीच बंद होती, त्यामुळे सगळं लक्ष वापरलेल्या इंधनाच्या तलावाकडे होतं. भट्टीतून काढलेलं इंधनही काही वर्षं पाण्याखाली थंड ठेवावं लागतं आणि त्या तलावालाही पंप लागतो. बातम्यांमध्ये या तलावांचा उल्लेख फार उशिरा येतो.

तिसरी गोष्ट रस्ता. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लोरेन्स वादळ नॉर्थ कॅरोलायनात आलं. वाऱ्याच्या हिशेबाने ते पहिल्याच श्रेणीचं होतं, पण रेंगाळलं आणि दिवसेंदिवस कोसळत राहिलं. ब्रन्सविक केंद्राच्या दोन्ही भट्ट्या आधीच बंद केल्या होत्या. केंद्रात पाणी शिरलं नाही, पण बाहेरचे सगळे रस्ते बुडाले. आतली माणसं आतच अडकली, पाळी बदलायला बाहेरून कोणी येऊ शकेना. खाटा, डबे, औषधं यांची सोय आधी केली होती म्हणून निभावलं. वादळाची श्रेणी फक्त वाऱ्यावरून ठरते. पाऊस किती आणि पाणी किती हे ती सांगत नाही.

मग वादळ येतंय म्हटल्यावर सगळंच बंद का करत नाहीत?

अमेरिकेत ठरलेली पद्धत अशी आहे: केंद्राच्या जागी ताशी ११९ किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा येण्याची शक्यता असेल, तर तो पोहोचण्याच्या किमान दोन तास आधी भट्टी बंद हवी. त्याहून कमी वाऱ्यात ती चालू ठेवतात. सँडीच्या टप्प्यात ३४ भट्ट्या होत्या. त्यातल्या २४ चालूच राहिल्या, सात इतर कारणांनी आधीच बंद होत्या, तीन वादळामुळे बंद झाल्या.

हे पैशासाठी चाललंय, असा संशय येणं साहजिक आहे. पैशाचा भाग त्यात असेलही. पण दुसरी बाजू आहे. चालू केंद्र स्वतःचे पंप स्वतःच्या विजेवर चालवू शकतं; बंद केलेलं केंद्र ग्रिडवर अवलंबून राहतं, नेमकं ग्रिड कोसळण्याच्या वेळी. शिवाय वादळात इस्पितळांना, पाणीपुरवठ्याला वीज कुठून तरी द्यावीच लागते. फार लवकर बंद केलं तर ग्रिडच अडचणीत येतं आणि त्याचा फटका पुन्हा केंद्रालाच बसतो. फार उशीर केला तर शेष उष्णता भरपूर असतानाच वीज जाते. दोन तासांची मर्यादा मला जरा कंजूष वाटते. पहिल्या काही तासांतच शेष उष्णता सर्वांत झपाट्याने उतरते, म्हणून आठ-दहा तास आधी बंद केलेली भट्टी पुढच्या संकटात बरीच सोपी जाते. प्रत्यक्षात बरीच केंद्रं मोठ्या वादळाच्या वेळी दोन तासांची वाट पाहत बसत नाहीत, आधीच बंद करतात.

चक्रीवादळाचा हा एक मोठा फायदा आहे: ते सांगून येतं. भूकंप सांगत नाही. फुकुशिमात भूकंप आणि लाट यांच्यात तासही नव्हता. फ्लोरिडाला दोन-तीन दिवस मिळतात. त्या काळात डिझेलच्या टाक्या काठोकाठ भरायच्या, मोकळ्या पडलेल्या वस्तू बांधायच्या, पूरदरवाजे लावायचे, जादा माणसं आत आणायची. अणु नियामक आयोगाचे निरीक्षकही वादळाच्या काळात केंद्रातच मुक्काम करतात.

डिझेलही गेलं तर काहीच करता येत नाही का?

येतं, आणि याचं उत्तम उदाहरण भारतातलंच आहे. ते वादळाचं नाही, आगीचं आहे.

३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशात गंगेकाठच्या नरोरा केंद्रात पहिल्या संचाच्या टर्बाइनची पाती तुटली. जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडला आणि पेटला. आगीत विजेच्या केबली जळाल्या. मुख्य आणि पर्यायी केबली पुरेशा अंतरावर नव्हत्या, म्हणून दोन्ही गेल्या. जवळजवळ १७ तास स्टेशन ब्लॅकआउट होता. नियंत्रण कक्षात धूर भरला. कर्मचारी हातात टॉर्च घेऊन इमारतीच्या माथ्यावर चढले आणि हाताने झडपा उघडून भट्टीत बोरॉनचं द्रावण सोडलं. बोरॉन न्यूट्रॉन शोषून घेतो, त्यामुळे विभाजन पुन्हा सुरू होण्याचा धोका टळला. आग विझवायला ठेवलेल्या डिझेल पंपांनी वाफेच्या टाक्यांत पाणी टाकलं. भट्टीतलं गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर जात राहिलं, थंड झालेलं खाली येत राहिलं, कोणत्याही पंपाशिवाय. इंधन शाबूत राहिलं.

भट्टीचा आराखडा असा असेल की पाणी आपल्या आपण फिरेल, आणि बाहेरून पाणी घालायला कुठलातरी साधा पंप असेल, तर पूर्ण अंधारातही वेळ काढता येतो. फुकुशिमानंतर हेच तत्त्व धरून अमेरिकेत फ्लेक्स नावाची व्यवस्था उभी राहिली. प्रत्येक केंद्रात ने-आण करता येतील असे पंप, जनरेटर, नळ्या सुरक्षित जागी ठेवायच्या, आणि मेंफिस व फीनिक्स इथे दोन राष्ट्रीय भांडारं ठेवायची, जिथून २४ तासांत कोणत्याही केंद्राला सामान पोहोचेल. भारतातही भट्ट्यांना बाहेरून पाणी जोडण्याची तोंडं बसवली गेली.

आता एक आक्षेप खरा आहे: २४ तासांत सामान पोहोचेल ते रस्ते असतील तर. अँड्र्यूत रस्ता अडला, फ्लोरेन्समध्ये बुडाला. विमान-हेलिकॉप्टरची योजना आहे, पण ती वादळ ओसरल्यावरच उपयोगी. म्हणून पहिल्या दिवसाचं सगळं आवारातच असलं पाहिजे.

अणुबाँबसारखा स्फोट होईल का, हेही विचारलं जातं. नाही. वीज केंद्राच्या इंधनात विभाजनक्षम युरेनियमचं प्रमाण जेमतेम तीन ते पाच टक्के असतं. त्यातून बाँब होत नाही. फुकुशिमात दिसले ते हायड्रोजन वायूचे स्फोट होते, तापलेल्या इंधनकांड्यांवरून वाफ गेल्यामुळे तयार झालेल्या वायूचे.

समुद्राकाठी बांधतातच कशाला?

कारण ३००० मेगावॅट उष्णतेतले २००० मेगावॅट वाया जातात आणि ते कुठेतरी टाकावे लागतात. समुद्र फुकट आहे. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातलं पालो व्हर्दे केंद्र शहरांचं शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतं, म्हणजे समुद्र अटळ नाही. पण स्वस्त आहे. टर्की पॉइंटने गरम पाणी थंड करण्यासाठी सुमारे २७० किलोमीटर लांबीचे कालवे खणले. तिथे आता दुर्मीळ अमेरिकन मगरी अंडी घालतात. कालव्यांतलं अति खारट पाणी जमिनीखाली पसरतंय ही वेगळी डोकेदुखी.

समुद्र वर येतोय, त्याचं काय?

टर्की पॉइंटला डिसेंबर २०१९ मध्ये एकूण ८० वर्षं चालण्याची परवानगी मिळाली. अमेरिकेतलं ते पहिलंच केंद्र. पर्यावरणाचा अभ्यास पुरेसा झाला नाही म्हणून २०२२ मध्ये आयोगाने ती मुदत मागे घेतली आणि अभ्यासानंतर २०२४ मध्ये पुन्हा दिली. आता ते २०५० नंतरही चालू शकेल. माझा आक्षेप इथे आहे. काँक्रीट तितकी वर्षं टिकेल, त्यात मला शंका नाही. पण पाण्याच्या पातळीचा आकडा १९६०-७० च्या दशकातल्या समजुतींवर बेतलेला असेल, तर तो दर दहा वर्षांनी नव्याने मांडला पाहिजे आणि मांडल्यावर बंधाऱ्याचं काम त्याच वर्षी सुरू झालं पाहिजे. ब्लाये आणि फुकुशिमा, दोन्हीकडे आकडा माहीत होता.

आणि आपला किनारा?

पालघर जिल्ह्यातलं तारापूर केंद्र १९६९ पासून अरबी समुद्राच्या काठी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आलं. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर जात गुजरातेत चढलं. दोन्ही वेळा तारापूरला थेट तडाखा बसला नाही. आपल्या या पट्ट्यात एक गोष्ट फ्लोरिडाहून फार वेगळी आहे. मायामीत भरती-ओहोटीतला फरक मीटरभराहून कमी असतो, मुंबईच्या उत्तरेला तो उधाणाच्या दिवसांत चार-पाच मीटर जातो. तेच दोन मीटरचं वादळी उधाण ओहोटीला आलं तर किनाऱ्यावरच विरेल, अमावस्येच्या भरतीला आलं तर विक्रमी पातळी गाठेल. इथे वादळाची श्रेणी पाहण्याआधी पंचांग पाहावं लागतं.

तमिळनाडूतल्या कल्पक्कमला २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पंपघरात पाणी शिरलं आणि चालू असलेली एक भट्टी कर्मचाऱ्यांनी सुखरूप बंद केली. वसाहतीत मात्र माणसं गेली. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरचा प्रकल्प माडबनच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटर उंचीवर नियोजित आहे. त्या प्रकल्पाला विरोध करण्याची मच्छीमारांची, जमिनीची, भूकंपाची कारणं वेगळी आहेत आणि त्यांची चर्चा त्या-त्या जागी व्हायला हवी. पण वादळी उधाणाने सडा बुडेल ही भीती त्यात धरू नये. उतरावर, पाण्याजवळ ठेवाव्या लागणाऱ्या पंपघराबद्दल विचारावं.

पुढच्या वादळात बातमी वाचताना

अमेरिकेतली केंद्रं आणीबाणीचे चार टप्पे जाहीर करतात. पहिला सर्वांत खालचा, ‘असामान्य घटना’. फ्लोरेन्समध्ये रस्ते बुडाले म्हणून तो जाहीर झाला होता. २०२१ च्या आयडा वादळात लुइझियानातल्या वॉटरफोर्ड केंद्राने बाहेरची वीज गेल्यावर तोच जाहीर केला आणि डिझेलवर काम चालवलं. मथळ्यात ‘अणुकेंद्रात आणीबाणी’ असं येईल, पण घाबरायचं कारण नसतं. दुसरा टप्पा ‘सावधान’. ऑयस्टर क्रीक तिथवर गेलं होतं. केंद्राला बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून वीज मिळेनाशी होऊन पंधरा मिनिटं उलटली तर तिसरा टप्पा जाहीर होतो, आणि ती परिस्थिती लांबली तर चौथा. चौथ्यात आसपासच्या लोकांना हलवण्याच्या सूचना निघतात. फ्लोरिडातल्या लेकीला फोन कराल तेव्हा केंद्र बंद आहे का हे विचारू नका. मोठ्या वादळात ते बहुधा बंदच असणार. बाहेरची वीज गेली असेल तर डिझेल चालू आहे का, ते विचारा.